मेसेज करतो

आमच्या डिंडोलीत ‘मेसेज’ या शब्दाचा मोबाइलशी फारसा संबंध नाही. गावाकडे निघालेल्या माणसाच्या कानावर आई जे घालते, तो मेसेज. लूमच्या खडखडाटात कारागीर हातवाऱ्यांनी बोलतात, तोही मेसेजच. दोन बोटं पिळली की धागा तुटला, पंजा आडवा फिरवला की मशीन बंद, बोट हवेत गोल फिरवलं की चालू. आणि मुलगी बघून उठताना मुलाकडचे ‘मेसेज करतो’ म्हणाले, की समजायचं, घोंगडं भिजत पडलं. तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडे पाप. लोक महिनोन्‌महिने झुलवतील, पण नाही म्हणणार नाहीत.

कामरेजचं स्थळही मला बघून हेच म्हणून गेलं. मी साड्यांची डिझाइनं काढते, हे ऐकून मुलाच्या आईनं नाक मुरडलं होतं. मला काही वाटलं नाही. आप्पांना वाटलं.

आप्पा लूमवर राहून राहून अर्धे बहिरे झालेत. रिंग ऐकू येत नाही म्हणून फोन व्हायब्रेटवर ठेवून सदऱ्याच्या खिशात. आता जेवतानाही त्यांचा डावा हात त्या खिशावर असायचा. घरात शिरले की एकच प्रश्न, “त्यासना मेसेज उना का?” नाही आला म्हटलं की ताटात भाकरी तशीच राहायची. मला त्या लोकांचा भयंकर संताप आला. कोणापुढे कधी हात न पसरलेला माझा बाप एका शब्दासाठी ताटकळत होता, तोही माझ्यापायी.

रविवारी दुपारी मध्यस्थाकडून नंबर मिळवला आणि मुलाच्या वडिलांना सरळ फोन लावला.

“काका, तुमचा मेसेज राहू द्या, आमचा घ्या. आमच्याकडून नाही.”

काका म्हणाले, “असं पोरीनं सांगायचं असतं का?”

“कुणीच सांगत नाही, म्हणून आमचे आप्पा जेवत नाहीत.”

फोन ठेवला. आईनं कपाळावर हात मारून घेतला. आप्पा ताटावर बसले होते. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं, पण आईचा चेहरा त्यांनी पाहिला आणि माझ्याकडे वळले. मी पंजा आडवा फिरवला. बंद.

वाटलं, आता भडकणार. त्यांनी खिशातला फोन काढला, मागच्या फळीवर पालथा ठेवला, भाकरी पुढे ओढली आणि माझ्याकडे बघत बोट हवेत गोल फिरवलं.