केळीच्या धाग्यामागची भिंत

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धुळ्याच्या माझ्या बहिणीलाही नाही, आणि तिच्यापासून मी एरवी काही लपवत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरी कधी आला नाहीत आणि येणारही नाही. आलात तर आधी ती भिंत बघाल, मग माझ्याकडे बघाल — आणि ते मला सोसायचं नाही.

आमचं घर जळगावला. नवरा नरडाण्याच्या कारखान्यात, तिथंच खोली घेऊन राहायचा, सुट्टीला घरी. मी त्याची दुसरी बायको. पहिली, मंगल, आजारात गेली. तिची मुलगी ऋजुता. मी लग्न करून आले तेव्हा ती दुसरीत होती आणि मला मावशी म्हणायची. ‘आई म्हण’ असं तिला कुणी सांगितलं नाही, मीही नाही. आपोआप म्हणेल, असं मला वाटायचं. नव्हतं का वाटायला पाहिजे?

ऋजुताच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर एक चित्र होतं. मंगल चोपड्याची, केळीच्या बागेत वाढलेली. आजारपणात बाहेर जाणं बंद झालं तेव्हा तिनं पोस्टर कलर आणवले आणि लेकीला घेऊन भिंतीवर केळीची बाग काढली. पानं ब्रशनं काढलेली. पण केळीचे घड — ते बोटांचे होते. बोट पिवळ्या-हिरव्या रंगात बुडवायचं आणि भिंतीवर टेकवायचं. एक बोट, एक केळं. वरची मोठी केळी मंगलच्या बोटांची, खालची इवलीशी ऋजुताच्या. अगदी वर, छताजवळही एक घड होता. तिथवर हात पोचावा म्हणून मंगल, त्या अवस्थेत, स्टुलावर चढली होती म्हणे.

‘म्हणे’, कारण हे मला माझ्या नणंदेनं सांगितलं. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. अक्का घरी आल्या की त्या भिंतीसमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “बोटांत जादू होती हो तिच्या.” मी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी.

पण अक्कांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. झोपताना ऋजुता भिंतीकडे तोंड करायची आणि आईच्या बोटांवर आपली बोटं ठेवायची. एकेक करून सगळ्या केळ्यांवर. मी शेजारी बसून तिला थोपटायची, ते तिच्या पाठीला. मुलीची पाठच माझ्या वाट्याला आली होती. तिला ताप आला की मी जागायची, आणि ती तापात हात लावायची भिंतीला. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पोरीचा हेवा? हो. आणि मेलेल्या बाईचाही.

आता त्या उन्हाळ्याचं सांगते.

ऋजुता सुट्टीत चोपड्याला आजीकडे गेली होती. नवरा नरडाण्याला. घरात मी एकटी. एका दुपारी ऋजुताच्या खोलीतल्या कूलरची टाकी भरताना पाईप निसटला, पाणी खोलीभर झालं, ते भिंतीला लागलं आणि चित्राचे रंग ओघळले. चित्र वाचवायचा मी खूप प्रयत्न केला. जमलं नाही. भिंत इतकी विद्रूप दिसायला लागली की मी स्वतःच्या हातानं तिच्यावर केळीच्या धाग्याचा वॉलपेपर लावला.

हे मी सगळ्यांना सांगितलेलं. आता यातलं खरं किती ते सांगायचं आहे, आणि — बघा ना, इथंच अडते मी.

पाईप निसटला नव्हता. पाणी मी ओतलं. बादलीतून मगानं, एकेक मग. पोस्टर कलर पाण्यानं निघतो हे मला माहीत होतं. पहिल्या मगाला पानं ओघळली. घड लवकर हलेनात, रंग जाड होता तिथं. मग मी पेंटर वापरतात तसला पत्रा घेतला आणि खरवडलं.

किती वर्षं मी मनाशी घोकलं, की त्या दुपारी डोक्यात काहीतरी शिरलं, एका क्षणाचा राग होता तो. पण राग नव्हता. वॉलपेपरच्या गुंडाळ्या मी आधीच आणून पलंगाखाली ठेवल्या होत्या. आमच्याकडे बचत गटाचं प्रदर्शन लागलं होतं, तिथं केळीच्या खोडाच्या धाग्यांपासून केलेल्या पिशव्या, चटया आणि हा वॉलपेपर होता. मी त्या स्टॉलवरच्या बाईला भिंतीचं माप सांगितलं. माप मी घरून घेऊन गेले होते! गोंद कोणता, किती पातळ करायचा, सगळं नीट विचारून घेतलं. म्हणजे गुंडाळ्या आधी आल्या, पाणी नंतर.

आणि स्वतः का लावला? लोक अजून कौतुक करतात, बाई, पेंटर न बोलावता एवढं काम केलंत! पेंटर कसा बोलावणार होते मी? तो भिंतीवर हात फिरवून म्हणाला असता, ताई, भिंत तर चांगली आहे, चित्रही छान आहे, का झाकताय? त्याला काय सांगितलं असतं?

म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. मे महिना होता, भिंत लगेच वाळली. लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, प्रायमर मारला. दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधून ओळंबा केला आणि पहिल्या पट्टीसाठी सरळ रेघ मारली. या कागदाला गोंद मागून लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, मग वरून खाली हलक्या हातानं बसवायचा. जोरात दाबलं तर धागे चपटे होतात. गोंद पुढून लागला तर डाग कायमचा. कटरची पाती बोथट झाली की धागा कापला न जाता ओढला जातो, म्हणून पाती सारखी बदलायची. दोन पट्ट्यांमधला सांधा लपत नाही, कारण कुठल्याही दोन पट्ट्यांचा रंग तंतोतंत एक नसतो. हे सगळं मी इतकं मन लावून केलं, की मधे मधे मला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. घर सजवणाऱ्या बाईसारखं.

फक्त छताजवळच्या कोपऱ्यात मान दुखायला लागली. तिथं पाणीही पोचलं नव्हतं. मी पत्रा दोन-चार वेळा ओढला, लांबी भरली नाही, तसाच कागद चिकटवला.

चोपड्याला फोन करून मंगलच्या आईला मी रडत रडत सांगितलं. हो, रडले मी. त्या म्हणाल्या, “जाऊ दे माय, भिंतच शे ना ती. पोरीले सांभाळ.” आपल्या लेकीच्या हाताची शेवटची खूण गेली आणि ती म्हातारी मला धीर देत होती.

नवरा आला. त्यानं भिंत बघितली, मग खिडकीत बसवलेला कूलर बघितला. खिडकी त्या भिंतीच्या बरोबर समोर.

“पाणी इकडं कसं आलं?”

“पाईप उडाला,” मी म्हणाले. “इथवर फवारा.”

“बरं,” तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. त्यानंतर त्यानं त्या भिंतीचा विषय कधी काढला नाही. त्याला कळलं होतं का? त्याच्याशेजारी झोपताना मी हे किती वेळा मनात विचारलंय.

ऋजुता परतली तेव्हा शेवटची पट्टी मी मुद्दाम शिल्लक ठेवली होती. ती दारातच थांबली. रडली नाही. भिंतीजवळ गेली, कागदावरून हात फिरवला, खरखरीत धाग्यांवरून, इकडून तिकडे. मग विचारलं, “खाली आहे का अजून?”

“नाही गं राणी. सगळं वाहून गेलं.”

आणि मग मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी म्हणाले, “पण हा कागद कशाचा आहे, माहितीय? केळीचा. तुझ्या आईच्या गावाकडच्या केळीचाच. म्हणजे तुझ्या भिंतीवर केळीच राहिल्या की नाही?”

तिनं कागदाला गाल लावला.

शेवटची पट्टी आम्ही दोघींनी मिळून लावली. मी वरून सोडत होते, ती खालून हलकेच रोलर फिरवत होती, जीभ दातांत धरून. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. पातीनं कापलेली बोटं, सोललेली कातडी.

“हे सगळं तू एकटीनं केलंस? माझ्यासाठी?”

मी मान हलवली.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “आई, वरण वाढ ना.”

तिच्या तोंडून पहिल्यांदा. समजतंय ना तुम्हाला? मी ज्याची वाट बघत होते ते मला मिळालं, आणि ते यावर मिळालं. त्यानंतर तिनं मावशी म्हटलं नाही. शाळेच्या बक्षीस समारंभात, कॉलेजच्या प्रवेशाला, मैत्रिणींना ओळख करून देताना, सगळीकडे आई. आणि ती भिंतीची गोष्ट सगळ्यांना सांगायची. आमच्या आईनं हात कापून घेतले पण माझी भिंत सजवली, अशी. ती सांगायला लागली की मी स्वयंपाकघरात जायची. लोकांना वाटायचं, बाई लाजाळू आहे.

यंदाच्या दिवाळीपर्यंत हे असंच चाललं. ऋजुता आता नाशिकला नोकरी करते. दिवाळीआधी घराला रंग द्यायचं ठरलं. वॉलपेपर खिडकीतून येणाऱ्या उन्हानं फिकटला होता, आणि वरच्या कोपऱ्यात सांधा सुटून कागद लोंबत होता. छताजवळच्या, त्याच कोपऱ्यात. मला आठवडाभर जेवण गेलं नाही. मी म्हटलं, आपण पेंटरलाच सांगू, तो काढेल, वरून रंग मारेल.

ऋजुता म्हणाली, “पेंटर कशाला? सावकाश मीच काढते. खाली काही राहिलं असेल तर दिसेल तरी.”

“काही नाही राहिलं.”

“बघू तर.”

दुपारची वेळ. ती स्टुलावर चढली, मी खाली बादली धरून. तिनं स्पंजनं खालचा चिकटलेला कागद भिजवला, थांबली, पुन्हा भिजवला. घाई नाही. ही सावकाशी तिनं माझ्याकडूनच घेतलीय. मग वरच्या सुटलेल्या कोपऱ्याची कोरडी कड हळूच उचलून खाली ओढली.

दिसलं. दोन बोटं पूर्ण, एक अर्धं. पिवळ्याला किंचित हिरवी झाक. रंग कुठंही ओघळलेला नव्हता, बोटांवरच्या रेषासुद्धा दिसत होत्या. आणि त्यावरून तिरपे, सरळ ओढलेले पत्र्याचे ओरखडे.

मी बादली तिच्यापुढे वर धरली.

तिनं आपलं बोट त्यातल्या एका बोटावर ठेवलं. बरोबर मावलं. मग तिनं स्पंज बादलीत बुडवला, पिळायला लागली, आणि पिळता पिळता विचारलं, “आई, इथं पाणी आलंच नव्हतं का गं?”

“ओल वर चढते,” मी म्हणाले. “पोपडे धरले होते. खरवडावं लागलं.”

उत्तर तयारच होतं माझ्याकडे. इतक्या वर्षांत मी ते पाठ केलं होतं, जिभेवर ठेवून.

“हं,” ती म्हणाली.

तिनं उरलेला कागद काढला नाही. कापडानं भोवतीची ओल टिपली, बोटांवरून सुटलेला कागद चौकोनी कापला आणि खाली उतरली. पेंटरला सांगितलं, ही भिंत सोडून बाकीच्या करा. संध्याकाळी नवरा आला. त्यानं चौकोन बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि पिशवी ठेवायला आत गेला.

भाऊबीज झाल्यावर ती नाशिकला गेली. रविवारी फोन येतो, पूर्वीसारखाच. आई म्हणते. मी तो शब्द कान देऊन ऐकते, त्यात काही फरक पडलाय का म्हणून. कधी वाटतं पडलाय. कधी वाटतं, माझंच मन.

पण एक गोष्ट मला आता कळलीय, आणि तीच सांगायची राहिली होती. पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा समोर लहान मूल होतं. या वेळी तसं नव्हतं. त्या दुपारी तिनं प्रश्न विचारला तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. स्पंजातलं पाणी केव्हाच निथळून गेलं होतं, तरी ती खाली मान घालून तो पिळतच राहिली होती, मला बोलायला सोपं जावं म्हणून.

आणि तरी मी खोटं बोलले.