कापसाचा बोळा

चिक्कडपल्लीचे आमचे दातांचे डॉक्टर काचेवर सिमेंट कालवताना गुणगुणत राहतात, आणि दातावर कॅप दाबून बसवली की एवढंच म्हणतात, "मियां, अब बातां नक्को." माझ्या समोरच्या दाताची कॅप दोनदा निघाली ती माझ्याच तोंडामुळं. सिमेंट सुकायच्या आत मी काहीतरी गंमत सांगायचो, आणि हसायचोही मीच.

दुसऱ्यांदा निघाली त्या दिवशी मात्र जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला बघायला कॉम्प्युटर कंपनीतला मुलगा येणार, आणि इथं बाप बोलला की शिट्टी वाजत होती.

डॉक्टरसाब रागावले नाहीत. कॅप पुन्हा बसवून माझ्या दातांत कापसाचा बोळा दिला, एक स्वतःच्याही दातांत धरला, आणि समोर स्टुलावर गप बसले. मला मधेच एक गंमत सुचली, तर त्यांनी नुसतं बोट वर केलं. शेवटी आपला बोळा काढून म्हणाले, "हौ, अब बोलो." मला काही आठवेना.

सकाळी कॅप निघेल या भीतीनं मी तोंडच उघडलं नाही. पाहुणे निघताना बायकोला म्हणाले, "मुलीचे वडील फार शांत स्वभावाचे आहेत." ती हसू दाबत आत पळाली. पण लग्न जमलं, आणि कॅप अजून जागेवर आहे.