पुण्याचे पाहुणे आणि आमची बंद तोंडं

मंडळी, आज आमच्या आक्काला बघायला शहापुरात पुण्याचे पाहुणे आलते. "आपल्या बोलण्याला हसतील, गप्प बसा," असं आईनं सकाळीच बजावलं होतं. घरचा हातमागसुद्धा बंद ठेवला.

पोहे संपले तरी आम्ही मुक्या बैलासारखे बसून. शेवटी मुलाच्या आईनं विचारलं, "आमचं स्थळ पसंत नाही का?"

आई घाबरली. "तसं न्हाय ओ! लई पसंत हाय!"

त्या बाई खुलल्याच. "मग बोला की! माझं माहेर इकडचंच, निपाणीचं. लग्न झाल्यापासून असं बोलायला कोण न्हाय मला."

आई आता निवांत आहे. आक्का मात्र मला विचारतेय, "व्हय रं, मग त्या इतकी वर्सं तिथं गप्पच बसल्या काय?"