खांद्याची किंमत

नागपुरात मी अकरा वर्षं फिजिओथेरपिस्ट होते, त्यातली शेवटची सहा स्वतःच्या दवाखान्यात. कॅनडात हॅलिफॅक्सला आल्यावर एका हॉस्पिटलच्या पुनर्वसन वॉर्डात असिस्टंट म्हणून लागले. पेशंटला व्हीलचेअरवरून उठवायचं, त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचे, शेवटी गाद्या पुसून ठेवायच्या. कुठला व्यायाम द्यायचा ते मात्र माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलेली फिजिओ ठरवणार. मुलगी कामात हुशार होती, वागायला चांगली होती, त्यामुळे तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती. इथलं लायसन्स हवं असेल तर लेखी आणि प्रॅक्टिकल अशा दोन परीक्षा. लेखी पहिल्या फटक्यात सुटली. प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले.

का झाले ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या परीक्षेत पेशंटचं सोंग घेतलेली माणसं बसवलेली असतात. एका खोलीत कंबर धरून बसलेल्या माणसानं मला विचारलं, "मग मी सोमवारी कामावर जाऊ की नको?" उत्तर मला येत होतं. तरी मी म्हणाले, तसं जाता येईल, पण नाही गेलात तरी चांगलंच, तुमच्या कामावर अवलंबून आहे... आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. पुढच्या खोलीतही तेच. नागपुरात मी अशी कधी बोलले नव्हते. इथे आल्यापासून इंग्रजीतलं प्रत्येक वाक्य तोंडातून निघायच्या आधी मी दोनदा तपासायचे, आणि तपासता तपासता ते गुळमुळीत होऊन जायचं.

निकाल आला तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, थोडं थांब ना. वर्षभर नुसती नोकरी कर. मग बघू." त्याला माझी दया येत होती आणि मला नेमकं तेच नको होतं. दुसऱ्या दिवशी मी परीक्षेला पुन्हा अप्लाय केलं.

त्याच सुमारास, मार्च महिन्यात, वॉर्डात एक आजोबा आले. वय शहात्तर, सगळं आयुष्य बंदरावर माल चढवण्या-उतरवण्यात गेलेलं. दारातला बर्फ फावड्यानं काढताना घसरले आणि उजव्या दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलं. ऑपरेशन झालं होतं, पण हात कमरेच्या थोडा वर जाऊन थांबायचा. पायालाही मार होता. बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरात एकटेच. मुलगी केप ब्रेटनला राहायची, गाडीनं चार-पाच तासांवर. ती म्हणत होती, घर विकून माझ्याकडे या. वॉर्डातल्या लोकांनी अट घातली होती की स्वतःचे कपडे घालता आले, अंघोळ करता आली आणि कपाटातून ताटवाटी काढता आली, तरच एकटं घरी सोडू. आजोबांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "मी माझ्याच घरी जाणार. काय करायचं ते कर." पण व्यायामाला बसवलं की चार वेळा हात उचलून पाचव्यांदा डोळे मिटून घ्यायचे.

त्यांच्याच वेळेला हॉस्पिटलच्या जिममध्ये एक बाई यायच्या. खुबा बदललेला. तीस वर्षं शहराची बस चालवलेली, आणि आवाज असा की शेवटच्या सीटवरच्या माणसाचीही झोप उडावी. भिंतीवरच्या टीव्हीवर एक दिवस खेळाच्या बातम्या लागल्या होत्या. अमेरिकेतल्या एका श्रीमंत बेसबॉल टीमनं एका पिचरला, म्हणजे आपल्या भाषेत बोलरला, दहा वर्षांसाठी करारबद्ध केलं होतं. रक्कम एवढी मोठी होती की निवेदकानं ती दोनदा सांगितली.

"वेड लागलंय त्यांना," आजोबा म्हणाले.

"वेड आपल्या टोरोंटोवाल्यांना लागलंय," बाई चालण्याच्या दांड्यांमधून ओरडल्या. "त्यांनी त्याला घ्यायला हवं होतं!"

झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी दहाला तोच वाद. आजोबांचं म्हणणं होतं की एवढे पैसे कुणाही माणसाला देऊ नयेत, आणि पिचरला तर नाहीच. दोन-तीन वर्षांत खांदा जाणार, पुढची सात वर्षं तो बाकावर बसून पगार घेणार. बाईंचं म्हणणं, लोक तिकिटं त्याच्यासाठी काढतात, पैसा येतो तो त्याच्यामुळे. त्याला नाही दिला तर मालकाच्या खिशात जाईल, तुझ्या-माझ्या खिशात येणार आहे का?

मी मध्ये उभी. एकाचा हात पुलीच्या दोरीला, दुसरीचा पाय पायरीवर. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एक गोष्ट लक्षात आली. वाद रंगला की आजोबांचं दुखण्याकडे लक्ष नसायचं. चारच्या जागी दहा वेळा हात उचलला जायचा. मग मी मुद्दामच त्यांचा हात वर असतानाच बाईंना विचारायचे, "पण तो जखमी झाला तर?"

एक दिवस बसवाल्या बाई माझ्याकडे वळल्या. "तू रोज ऐकतेस. तुझं काय मत आहे?"

"तुमचं दोघांचंही बरोबर आहे," मी म्हणाले.

आजोबा हसले, पण चांगलं नाही हसले. "हे मत नाही झालं. चेंडू आत पडला की बाहेर, हे अंपायरला सांगावंच लागतं. दोघांचं बरोबर म्हणणारा अंपायर घरी जातो."

ते मला लागलं. परीक्षेतला कंबर धरून बसलेला माणूस डोळ्यांपुढे आला. त्या शनिवारी मी नवऱ्याला म्हटलं, मला बेसबॉल बघायचाय. तो चकित झाला, पण लावून दिला. खेळाचे नियम मला अर्धेच कळले. पिचरचा हात मात्र पूर्ण कळला. चेंडू सोडताना खांदा मागे किती वळतो, पुढे येताना कुठल्या स्नायूवर किती ताण येतो, हे मी पुस्तकात शिकले होते, लोकांना शिकवलं होतं. तो एकच चेंडू मी आठ-दहा वेळा मागे नेऊन पाहिला. नवरा म्हणाला, "मॅच पुढे जाऊ दे ना गं." मी जाऊ दिली नाही.

सोमवारी जिममध्ये गेल्यावर मी स्वतःच विषय काढला. हातवारे करत, न थांबता बोलले. "माणसाचा खांदा अशा फेकीसाठी बनलेलाच नाही. प्रत्येक चेंडूला तो थोडा थोडा झिजतो. हे त्या पिचरला माहीत आहे आणि टीमलाही माहीत आहे. ते त्याच्या खांद्याची किंमत मोजतायत. खांदा गेल्यावरची वर्षंसुद्धा त्याच किमतीत धरलेली आहेत. माझ्या मते पैसे योग्य आहेत."

"हाच खांदा," आजोबांनी डाव्या हातानं उजव्या खांद्यावर थाप मारली, "बंदरावर झिजला. मोडायच्या आधीच झिजला होता. मला कुणी दिले पैसे?"

इथे मी एरवी गप्प बसले असते. "नाही दिले ते चूक झालं," मी म्हणाले. "तुम्हाला मिळायला हवे होते. तुम्हाला मिळाले नाहीत म्हणून त्यालाही मिळू नयेत, हे मला पटत नाही."

आजोबांनी पुलीची दोरी सोडली आणि म्हणाले, "मला खोलीत ने."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. बरं नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशीही नाहीच. फिजिओनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काय झालं तुमच्यात?" मी जसं घडलं तसं सांगितलं. ती विचारात पडली. "माफी मागशील का?"

"त्यांना वाईट वाटलं असेल तर त्याबद्दल मागीन," मी म्हणाले. "मत बदलणार नाही."

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी म्हणाले, "तुम्हाला दुखवायचं नव्हतं, त्याबद्दल सॉरी. पण दोन दिवस व्यायाम चुकला तर खांदा आखडतो. अजून आठवडाभर असे बसलात तर तुम्ही घरी जाणार नाही, केप ब्रेटनला जाल. हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतेय."

ते खिडकीकडेच बघत म्हणाले, "चाळीस वर्षांत एकानंही मला म्हटलं नाही की तुला मिळायला हवे होते. युनियनमधले लोकसुद्धा म्हणायचे, दुखतंय तर हलकं काम माग." डोळे पुसायला त्यांनी उजवाच हात उचलला, तो गालापर्यंत आला आणि तिथेच अडकला. स्वतःशीच शिवी हासडून म्हणाले, "चल. खाली चल."

त्यानंतर पाच आठवडे आम्ही एक दिवस चुकवला नाही. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, जिथे थांबेल तिथे मी पेन्सिलीनं खूण करायची. कधी खूण वर जायची, कधी तीन-तीन दिवस तिथेच. ते चिडायचे, मला चेटकीण म्हणायचे, पण हात भिंतीवरून काढायचे नाहीत. बसवाल्या बाई एप्रिलच्या शेवटी काठी टेकत घरी गेल्या. जाताना आजोबांना म्हणाल्या, "आता हिच्याशी एकट्यानं भांड."

ते भांडायचेच. आणि मीही भांडायचे. घरी सकाळी अर्धा तास बेसबॉलच्या बातम्या वाचायचे आणि जिममध्ये येऊन बोलायचे. कधी इंग्रजी चुकायचं. ते चूक दुरुस्त करायचे आणि मग मुद्दा खोडायचे. प्रॅक्टिकलची एवढी तयारी मला कुठल्याच क्लासमध्ये झाली नसती.

मे महिन्यात तो पिचर सामन्याच्या मध्यावर खांदा धरून मैदानाबाहेर गेला. सकाळी टीव्हीवर तेच दाखवत होते. आजोबा माझी वाटच बघत होते. "सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंत," मी म्हणाले. "अजूनही माझं मत तेच आहे. किंमत याचीच होती."

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. तो माणूस डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसला होता, पंचविशी-तिशीतला असेल. आजोबा हळूच म्हणाले, "त्याला कुणीतरी बरी फिजिओ मिळो." मग लगेच, "पण एवढ्या पैशांना नाही हं!"

घरी सोडायच्या आधी वॉर्डातल्या सरावाच्या स्वयंपाकघरात त्यांची परीक्षा झाली. शर्ट घातला, शॉवर घेतला. कपाटाच्या पहिल्या फळीवरचा कप काढला, दुसऱ्या फळीवरची बशी दात-ओठ खात काढली. तिसऱ्या फळीपर्यंत हात गेला नाही, आणि तो पुढेही कधी गेला नाही. मुलगी आली होती. ती म्हणाली, तिसऱ्या फळीवर काही ठेवूच नका. ते स्वतःच्या घरी गेले.

जूनमध्ये मी परीक्षा दिली. या वेळी एका खोलीत गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई होती. तिनं विचारलं, मी पुढच्या महिन्यात डोंगर चढायला जाऊ का? मी म्हणाले, "नाही. पुढच्या महिन्यात नाही. का नाही ते सांगते." कारणं सांगून झाल्यावर घंटा वाजायला वेळ उरला होता.

पास झाल्याचं कळलं तेव्हा आजोबा आठवड्यातून एकदा बाहेरून तपासणीला यायचे. त्यांना सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं माझा हात घट्ट दाबला आणि विचारलं, "आता नोकरी कुठे? पगार किती मागणार?"

एका खासगी क्लिनिकमध्ये मुलाखत ठरली होती. मी म्हणाले, "बघू. ते देतील तो."

"देतील तो?" त्यांचा आवाज सगळ्या जिममध्ये घुमला. "अकरा वर्षं तिकडची, दोन वर्षं इकडची, आणि देतील तो? आकडा ठरवून जा. सांग आणि गप्प बस."

"तुम्हाला तर मोठे करार पटत नाहीत," मी म्हणाले.

"तू चेंडू फेकतेस का?" ते म्हणाले. "तू माणसं घरी पाठवतेस."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी चौकशी केली, चार ठिकाणचे पगार पाहिले, आणि एक आकडा ठरवला. नवऱ्याला सांगितला तर तो म्हणाला, "जास्त नाही होत?" मी म्हणाले, "नाही होत."

क्लिनिकचा मालक नम्र माणूस होता. त्यानं माझी कागदपत्रं पाहिली, नागपूरच्या दवाखान्याबद्दल विचारलं, आणि मग एक रक्कम सांगितली. मी माझी सांगितली. तो खुर्चीत मागे रेलला. जिभेवर आलं होतं की तसं थोडं कमी-जास्त चालेल, तुमच्या सोयीनं बघा. मी ते गिळलं. त्यानं कागद उलटसुलट केले, खिडकीबाहेर पाहिलं, पेनाचं टोपण काढलं, लावलं. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

शेवटी मी मागितलं त्याच्या थोडं खाली आणि त्यानं देऊ केलं त्याच्या बरंच वर ठरलं. मी सही केली आणि पुढच्या सोमवारी कामावर रुजू झाले.