लायसन्सच्या सुनावणीत दादा बोलला

दादा केंब्रिजहून माझ्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्या हातात एकच बॅग होती. नोकरी गेली होती, घर गेलं होतं. वहिनीनं पुष्कळ सोसलं आणि मग ती वेगळी झाली. तिला मी कधी दोष दिला नाही. ऑफिसच्या मित्रांबरोबर शुक्रवारी पबमध्ये एक ग्लास, इथून सुरू झालेलं गॅरेजमध्ये लपवलेल्या बाटल्यांपर्यंत गेलं होतं. हॉस्पिटलमध्ये राहून, उपचार घेऊन तो बाहेर पडला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की एकटं राहू नका. म्हणून लीड्सला, माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये.

हा तोच दादा, ज्यानं पहिल्या पगारात मला मायक्रोस्कोप आणून दिला होता. मी नागपूरच्या घरात कांद्याचा पापुद्रा त्याखाली धरून तासन्‌तास बसायचे. आज मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते, ते त्याच्यामुळे, असं मी मानते.

माझा फ्लॅट एका टेकअवेच्या, म्हणजे जेवण बांधून देणाऱ्या दुकानाच्या, वर आहे. दुकानाचे मालक साठीचे पंजाबी गृहस्थ. गुडघे दुखायचे, तरी दिवसभर उभे. मी त्यांना अंकल म्हणायचे. थंडीत चारलाच अंधार पडतो आणि माझी शिफ्ट संपायला आठ वाजायचे. ती मधली वेळ दादाला खायला उठायची. मग तो खाली जाऊन बसायला लागला. ऑर्डरची वाट बघणाऱ्यांसाठी खिडकीशी एक बाकडं होतं, त्यावर. दाल आणि दोन रोट्या घ्यायचा, अंकलशी क्रिकेटवर वाद घालायचा, त्यांचा ऑर्डरचा टॅबलेट बंद पडला की सुरू करून द्यायचा.

एकदा मी म्हटलं, "दादा, रोज काय बाहेरचं खातोस? मी सकाळी करून ठेवत जाईन."

"जेवायला नाही गं जात," तो म्हणाला. "या रस्त्यावर बघ. कोपऱ्यावरचं दुकान, सुपरमार्केट, पिझ्झावाला, पब. जिकडे जाल तिकडे बाटल्या मांडलेल्या. हे एकच दार आहे, जिथे आत गेल्यावर मला नजर चुकवावी लागत नाही."

त्या वसंतात दुकानाच्या काचेवर कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोटीस लागली. अंकलनी दारू विकण्याच्या लायसन्ससाठी अर्ज केला होता. दादाला त्यांनीच मोठ्या आनंदानं सांगितलं. समोरचा पिझ्झावाला ऑर्डरबरोबर बिअर पाठवतो, गिऱ्हाईक तिकडे वळतं. "करी के साथ दो बियर, भाईसाब, और क्या! दुकान बच जाएगी." दादानं "अच्छा है" म्हटलं आणि वर आला. मी घरी पोचले तेव्हा तो कोट न काढता स्वयंपाकघरात बसला होता.

मी रागावले. कुणावर, ते मलाही सांगता आलं नसतं. कौन्सिलच्या वेबसाइटवर वाचलं की शेजाऱ्यांना हरकत घेता येते, पण ठरावीक कारणांसाठीच. गुन्हेगारी, लोकांची सुरक्षितता, त्रास आणि उपद्रव, मुलांना होणारा धोका. मी उपद्रवाचा मुद्दा धरला आणि लिहून टाकलं की रात्री जिन्याशी गोंगाट वाढेल. दादानं ते वाचलं.

"आत्ता होतो का गोंगाट?"

"पुढे होईल ना."

"तुला गोंगाटाचं काही पडलेलं नाही. तू माझ्यासाठी लिहितेयस."

"मग काय लिहू? माझा भाऊ पितो म्हणून?"

शब्द तोंडातून गेले आणि मला वाटलं जीभ हासडावी. तो मात्र शांतपणे म्हणाला, "प्यायचा, असं लिही. नाहीतर राहू दे, मीच येऊन सांगतो."

सुनावणी सिटी सेंटरमधल्या कौन्सिलच्या इमारतीत होती. लांबट खोली, पाण्याचे जग, तीन कौन्सिलर, मधोमध अध्यक्षबाई. त्यांच्या शेजारी कायदा सांगणारी एक तरुण बाई. समोर अंकल, सूट घालून, आणि त्यांनी नेमलेला सल्लागार. त्या दिवसापर्यंत मी अंकलना एप्रनशिवाय पाहिलंच नव्हतं. आम्हाला बघून ते उठून उभे राहिले, हसले, आणि मग हरकत घेणारे आम्हीच आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त डोळे बदलले.

सल्लागारानं सगळं नीट मांडलं. बिअर फक्त जेवणाबरोबर, रात्री अकरापर्यंत, कॅमेरे, वय तपासणं. पोलिसांची हरकत नाही. मग मी माझे गोंगाटाचे मुद्दे वाचले. आवाज इतका बारीक आला की अध्यक्षबाईंनी दोनदा माइक जवळ घ्यायला सांगितलं. शेवटी मी म्हटलं की माझ्या भावालाही बोलायचंय. तो त्याच घरात राहतो म्हणून त्यांनी परवानगी दिली.

दादा उभा राहिला. उभं राहायची गरज नव्हती, बाकी सगळे बसूनच बोलले होते. त्याचं इंग्रजी पहिल्यापासून फार छान. तो म्हणाला, "मी दारुडा आहे. गेलं वर्षभर मी प्यायलेलो नाही. संध्याकाळचे तीन-चार तास मला काढता येत नाहीत. ते मी या गृहस्थांच्या दुकानात काढतो. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. माणूस चांगला आहे, जेवण चांगलं आहे. मला एवढंच सांगायचं होतं की त्या दुकानात बाटली आली की मला जायला जागा उरत नाही."

आईला त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. मलाही इतक्या सरळ शब्दांत नाही. आणि इथे तीन अनोळखी माणसांसमोर तो उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात टेबलावर टेकवून.

अध्यक्षबाई वयस्कर होत्या, त्यांनी चष्मा काढला. कायदेवाल्या तरुणीनं वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही इथे येऊन हे बोललात, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण मला तुम्हाला खरं सांगायला हवं. एखाद्या व्यक्तीच्या तब्येतीचा प्रश्न आम्हाला या निर्णयात धरता येत नाही. कायद्यानं आम्हाला ते अधिकार दिलेले नाहीत. मला वाईट वाटतं."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. दादानं मान डोलावली आणि "थँक यू" म्हणून तो बसला.

ते तिघं आतल्या खोलीत गेले आणि आम्हाला दिलेला चहा थंड व्हायच्या आत परत आले. लायसन्स मंजूर. माझ्या मुद्द्यासाठी एक अट घातली होती, गिऱ्हाइकांनी शांतपणे जावं अशी पाटी दारावर लावायची.

बाहेर कॉरिडॉरमध्ये अंकलनी दादाला गाठलं. त्यांचे डोळे भरले होते. "भाईसाब, ऊपर-नीचे रहते हैं. एक बार मुझे बोल देते."

"बोलून काय केलं असतंत तुम्ही?" दादा हिंदीतच म्हणाला. "धंदा बंद ठेवला असतात?"

अंकलनी दादाचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बिअरचा फ्रिज त्यांनी आत भटारखान्यात ठेवला, बाकड्यावरून दिसणार नाही असा. मुद्दाम. दादा काही आठवडे जात राहिला. पण कुणी ऑर्डर देताना "आणि दोन बिअर" म्हटलं की आत फ्रिजचं दार उघडायचं आणि काचेला काच लागायची. मग तो जाईनासा झाला. लायब्ररीत जायचा, ती पाचला बंद व्हायची. मग नुसताच चालायचा.

उन्हाळा संपता संपता एक दिवस मी घरी आले तर अंकल दुकान सोडून माझ्या जिन्यात उभे होते. दादा दुपारी आला होता. त्यानं बाटली मागितली.

"मैंने नहीं दी, बेटा. हाथ जोड़े उसके आगे. वो निकल गया."

दादा समोरच्या सुपरमार्केटमध्ये गेला होता. तो आम्हाला कॅनॉलच्या काठी सापडला, थंड पडलेला, पण श्वास चालू होता. अँब्युलन्स येईपर्यंत अंकल त्या दुखऱ्या गुडघ्यांवर जमिनीवर बसून त्याचे तळवे चोळत होते.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर दादा माझ्याकडे आला नाही. नॉटिंगहॅमला, दारू सोडलेल्या लोकांसाठी असलेल्या एका घरात त्यानं जागा घेतली. "तुझ्याकडे आलो की तू झोपत नाहीस," एवढंच म्हणाला. मी रविवारी ट्रेननं जायचे. तो बारीक झाला होता, पण दाढी केलेली असायची. थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी गेले, तर तिथल्या बाईनं सांगितलं की तो गेल्या आठवड्यात सामान घेऊन निघून गेला, पत्ता ठेवला नाही. पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, सज्ञान माणूस आहे, स्वतःच्या मर्जीनं गेलाय. नोंद करून ठेवतो.

आई नागपूरहून विचारते, "दादा फोन का उचलत नाही गं?" मी सांगते, नवी नोकरी लागलीय, वेळेचा फरक. तिला ते पटत नाही. पण ती पुन्हा विचारतही नाही, आणि मग आम्ही दोघी हवेविषयी बोलतो.

परवा लॅबमधून निघताना अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता.

"मी बोलतोय गं. बरा आहे मी. जेवलीस का?"

"जेवले," मी खोटंच सांगितलं. "दादा, तू कुठे आहेस?"

"जेवत जा वेळेवर," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. मी तो नंबर लगेच लावून पाहिला. बराच वेळ वाजला, मग कुणा बाईनं उचलला. ती म्हणाली की बस स्टॉपवर एका माणसानं एक फोन करू का म्हणून विचारलं होतं, अगदी सभ्यपणे, आणि तिनं दिला. तो आत्ताच बसमध्ये चढून गेला. कुठल्या बसमध्ये, ते तिनं पाहिलं नव्हतं.