पाहुणे यायच्या आत अंग धरायचं होतं

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, संक्रांत उलटून गेल्यावर, धामणगाव बढ्याचे पाहुणे माझ्या धाकट्या बहिणीला कुंकू लावायला आमच्या घरी आले आणि कुंकू न लावता परत गेले. कारण मी होतो. मी वीस वर्षांचा होतो आणि किडकिडीत होतो.

आमचं गाव जानेफळजवळ. विहिरीखाली थोडी जमीन, तिच्यात कांदा, वांगी, मिरची. घरात आई, वडील, मी आणि बहीण. मॅट्रिक होऊन मी मळ्यातच काम करत होतो. लहानपणापासून माझं अंग असंच होतं. मनगट दोन बोटांत मावायचं, गळ्याची हाडं सदऱ्यातून दिसायची. खोकला नव्हता, ताप नव्हता. भाकरी इतरांइतकीच खात होतो आणि दिवसभर मोट हाकत होतो. त्यामुळे घरात माझ्या अंगाचा विषय कधी निघाला नव्हता. तो त्या दिवाळीनंतर निघाला.

पाहुणे पहिल्यांदा आले ते दिवाळीनंतर. मुलाचं घर बरं होतं. शेती होती, गावात किराणा दुकान होतं. बहीण त्यांना पसंत पडली. पाण्याचे तांबे मी आणून दिले तेव्हा मुलाचे वडील माझ्या हातांकडे पाहत होते. काही दिवसांनी मध्यस्थ आला. हा आईच्या नात्यातला, बियाण्याचा व्यापार करणारा, दोन्ही घरी येणारा-जाणारा माणूस. चहा होईपर्यंत तो पावसापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "पोट्टी पसंत हाय त्यायले. पन तिचा भाऊ लय सुकेल हाय म्हनतेत. घरात काही हाय का, असं इचारत होते."

"काही म्हंजे?" वडिलांनी विचारलं.

"आता म्हंजे काय, तुम्हीच समजा ना भाऊ."

क्षय हा शब्द कोणी उच्चारला नाही. तो आमच्याकडे उच्चारत नसत. पण ज्या घरात तो आहे असा संशय असे, त्या घरची मुलगी कोणी करत नसे, हे ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. दाराआड उभ्या असलेल्या बहिणीलाही माहीत होतं. संक्रांतीनंतर पाहुणे पुन्हा येणार होते. तेव्हा कुंकू लागेल नाहीतर बोलणं मोडेल.

मी म्हणालो, "बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढून आनतो. त्यात दिसनच."

"अन् एष्टीत कोनी भेटलं म्हंजे?" आई म्हणाली. "कुठी चालला, त दवाखान्यात. काऊन, त छाती दाखवाले. मंग फोटोत काही असो का नसो, आपल्या पोट्टीचं झालं."

वडिलांनाही ते पटलं. दवाखान्याची पायरी चढणं हाच पुरावा ठरला असता. तेव्हा ठरलं ते असं की पाहुणे पुन्हा यायच्या आत मी अंग धरायचं. अंगावर मांस दिसलं की प्रश्न आपोआप मिटेल.

दुसऱ्या दिवसापासून माझं काम बंद झालं. मोट हाकून मांस झडतं असं आईचं मत होतं. मी आंब्याखाली खाटेवर बसायचं आणि खायचं. सकाळी भिजवलेले हरभरे, वर म्हशीचं दूध, दुपारी तुपाची भाकरी, चार वाजता डिंकाचा लाडू. म्हैस एकच होती. तिचं दूध आधी घरात थोडं थोडं सगळ्यांना मिळायचं, आता ते सगळं माझ्या तांब्यात येत होतं. मोट वडील हाकत होते आणि बारे बहीण देत होती. पाण्याच्या दंडात गुडघाभर चिखलात उभी राहून ती एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवायची आणि मध्येच येऊन माझ्या खाटेखाली दुधाचा तांबा ठेवून जायची. तिच्या हातापायांना थंडीने भेगा पडल्या होत्या. मी दूध पीत असताना ती दुसरीकडे पाहायची. मी रिकामा तांबा तिच्या हातात द्यायचो.

गावातल्या तालमीतही जाऊन आलो. तिथल्या पोरांनी सदरा काढायला लावला.

"बापा! बरगड्या मोजता येतेत बे याच्या."

"मोजू नको, तुले मोजता येत नाई."

वस्तादाने जोर मारायला सांगितले. मी रोज पहाटे मारू लागलो. दंड दुखू लागले आणि भूक वाढली, पण हाडं होती तिथंच राहिली. आईला कळलं तेव्हा तिने तालीम बंद केली. खाल्लेलं असं घामात घालवायचं नव्हतं.

रस्त्याने जाणारे लोक मला आंब्याखाली बसलेला पाहत. धडधाकट माणूस ऐन हंगामात खाटेवर बसून दूध पितो, ही पाहण्यासारखी गोष्ट होती. एकदा शेजारच्या मळ्यातला म्हातारा बांधावर थांबला.

"काऊन रे, बरं नाई का तुले?"

"बरं हाय ना, आबा."

"मंग बसून काऊन राह्यला?"

मी दुधाचा तांबा खाटेखाली सारला. तो पुढे निघाला. जाताना बांध सोडून जरा लांबून गेला. आराम, दूध आणि मोकळी हवा. त्या दुखण्याच्या माणसाला तेव्हा हेच सांगत असत. आमच्या घरात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या त्या दिवशी आलं, पण मी ते बोललो नाही. बोलून उपाय नव्हता.

महिनाभराने वडिलांनी मला बाजाराच्या दिवशी अडत्याच्या दुकानी नेलं. तिथं माल तोलायचा मोठा काटा टांगलेला होता आणि किलोची नवी वजनं नुकतीच आली होती. वडिलांनी अडत्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग मला एका पारड्यात बसवलं. मांडी घालून, साखळी धरून. हमाल गोळा झाले.

"याले कशात लिहू सेठ, कांद्यात का मिरचीत?"

"वाळल्या मिरचीत लिही. ढीग दिसते, वजन भरत नाई."

"मिरची तरी तिखट रायते बे."

सगळे हसले. अडत्याही हसला. वडील हसले नाहीत. ते दुसऱ्या पारड्याकडे पाहत होते. बेचाळीस किलो भरलं. वडिलांनी जुन्या मापात किती झालं ते विचारलं. एक हमाल म्हणाला, "मनाच्या जरासं वर, पाटील. आमी पाठीवर वाह्यतो ते पोतं याच्या दुप्पट भरते." वडिलांनी मला उतरायला हात दिला. हात दिला नसता तरी मी उतरलो असतो. घरी येईपर्यंत ते एकदाच बोलले. "सदरा ढिला शिवू."

त्याच आठवड्यात मामा आला. तो बाजारातून बिबे घेऊन आला होता. बिबा म्हणजे रानातल्या झाडाचं काळं फळ. आमच्याकडे थंडीत ताकदीसाठी त्याचं तेल दुधातून देतात. बिबा दाभणाला टोचून दिव्यावर धरला की फुलतो आणि त्यातून काळं तेल टपकतं. ते जहाल असतं. म्हणून आधी तोंडाला आतून तूप लावायचं, मग दूध घटाघट प्यायचं. सुरुवात एका थेंबाने, मग हळूहळू वाढवायचं. उन्हात जायचं नाही. कोणाला तो सोसतो, कोणाला सोसत नाही. सोसला नाही की अंगावर उततो, म्हणजे सूज येते आणि फोड येतात. हे सगळं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"हळूहळू वाढवाले वेळ कुठी हाय?" मामा म्हणाला. संक्रांत जवळ आली होती. त्याने थेंब भराभर वाढवले. आईने तूप लावलं, मी प्यायलो.

पाहुण्यांचा निरोप आला. ते यायच्या आदल्या दिवशी माझ्या कोपरांना आणि मानेला खाज सुटली. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "रक्त भरून राह्यलं अंगात. सरसरनच थे." सकाळी उठलो तर माझे गाल वर आले होते. डोळ्यांखालचे खड्डे गेले होते. मनगटाचं हाड दिसत नव्हतं. आईने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, खिडकीकडे वळवलं आणि मामाला हाक मारली.

"पाह्य बरं! भरला का नाई?"

"म्या काय म्हटलं होतं, बाई," मामा म्हणाला.

वडिलांनीही पाहिलं. बहिणीनेही पाहिलं. मी आरसा घेतला. आरशातलं तोंड मला आवडलं, हे मला आठवतं. सूज आणि मांस यातला फरक आम्ही पाचही जणांनी त्या सकाळी ओळखला नाही. आम्हाला तो ओळखायचा नव्हता.

पाहुणे दुपारी आले. मुलाचे वडील, काका आणि मध्यस्थ. मी नवा ढिला सदरा घालून समोर गेलो. मुलाचे वडील मला पाहून म्हणाले, "हाव, आता बरा दिसते पोट्टा." आत बांगड्या वाजल्या. वडिलांना इतका आनंद झाला की त्यांनी पाहुण्यांना मळा दाखवायला काढलं आणि विहिरीची माहिती सांगायला मला पुढे घातलं. ऊन होतं. उन्हात जायचं नाही, हे मामाने सांगायला हवं होतं किंवा मी. कोणी बोललं नाही. मी विहीर किती खोल आहे ते सांगितलं, पाणी कधी आटतं ते सांगितलं. बोलता बोलता मान खाजवत होतो. मिरचीच्या वाफ्याजवळ आलो तेव्हा मला एका डोळ्याने दिसेना. ओसरीवर परत येईपर्यंत दुसराही मिटला. मानेवर ओलं लागत होतं. फोड फुटले होते.

त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

मुलाचे वडील म्हणाले, "बिबा देल्ला का याले?"

मामा म्हणाला, "हाव. आमच्याइथं थंडीचा साऱ्यायलेच देतेत."

कपबशांचा आवाज आला. बहीण चहा घेऊन बाहेर आली होती. मुलाच्या वडिलांनी तिलाच विचारलं. आवाज चढवून नाही, घरच्या मुलीला विचारावं तसं. "बाई, तुले बी देतेत का व बिबा?"

बहीण म्हणाली, "मले नाई देत."

त्यांनी चहा घेतला. कप खाली ठेवल्याचे आवाज मला वेगवेगळे ऐकू आले. "पुढच्या बाजारी निरोप धाडतो," असं मुलाचे वडील म्हणाले. कुंकवाचा करंडा आतून बाहेर आणलेला होता. तो तसाच आत गेला. माझ्या हातावर कोणीतरी खोबरं वाटून थापत होतं. थापणारे हात भेगाळलेले होते, म्हणून ती बहीण असावी असं मला वाटलं. मी विचारलं नाही.

निरोप मध्यस्थाने आणला. "ते म्हनतेत, बिबा काही उगी कोनी देत नाई. कारन असल्याबिगर पोट्ट्याले दोन महिने खाटेवर कोन बसवते? गावातून बी तसंच आलं त्यायच्या कानावर."

आता जपायचं काही उरलं नव्हतं. फोड सुकल्यावर वडील आणि मी उघडपणे एष्टीत बसलो आणि बुलढाण्याला गेलो. फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि छाती स्वच्छ असल्याचं सांगितलं. वडिलांनी विचारलं, मग हा असा का? डॉक्टर म्हणाले, "काही माणसं अशीच असतात. काम करू द्या, पोटभर जेवू द्या, भरेल तेवढा भरेल." त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

वडील घरी आले नाहीत. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून ते तसेच धामणगाव बढ्याला गेले. मी बुलढाण्याहून एकटा परतलो. तिकडे काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मुलाच्या वडिलांनी फोटो दुकानाच्या दारात उजेडावर धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मानसाचं आतून असंच दिसते का हो?" मग त्यांनी वडिलांना आग्रहाने जेवू घातलं. त्यांच्या मुलाचं कुंकू आठवडाभरापूर्वी दुसरीकडे झालं होतं.

मी त्या दिवसापासून पुन्हा मोट हाकू लागलो. बहिणीसाठी त्यानंतर आमच्या भागातून कोणी विचारायला आलं नाही. फोटो ज्यांना दाखवला त्यांनी तो पाहिला आणि परत दिला.

पुढच्या वर्षी वैशाखात तिचं लग्न वरवट बकालला झालं. नवरा बिजवर होता, वयाने बराच मोठा. त्यांच्याकडून माझ्या प्रकृतीबद्दल काही विचारलं गेलं नाही. बोलणी एकाच बैठकीत आटोपली. त्या बैठकीला वडील, मामा आणि मी होतो. नवऱ्याची पहिली बायको कशाने गेली, हे आमच्यापैकी कोणीही विचारलं नाही.