वाढत्या अंगाचा झगा

नाटक मंडळीचे कपडे शिवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. नव्या संगीत नाटकात त्यांचीच मुलगी नायिका होती. कथा जुनी, ग्रीक. गायक नवरा मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणतो, पण वर पोचेपर्यंत त्याने मागे पाहायचं नाही. पाहिलं की ती कायमची गेली. त्या चढणीवरच मुलीचं एकुलतं एक गाणं होतं.

मावशींनी झगा सवयीने वाढत्या अंगाचा शिवला. मुलगी चांगली घोडी झाली होती, पण हात ऐकतात थोडेच? पहिल्याच प्रयोगात चढताना झगा तिच्या पायात आला, आणि विंगेत उभ्या मावशींच्या तोंडून निघून गेलं, "अगं, जपून!"

गायक दचकला आणि त्याने मागे पाहिलं. झालं! मुलगी मुकाट्याने खाली उतरली. गाणं राहिलंच.

प्रयोगानंतर मावशी मान खाली घालून तिचे हूक काढत होत्या. "वर्षभर घसा फोडलास, आणि मी..."

"लोक रडले गं, आई. त्यांना वाटलं, नाटकात तसंच आहे."

मावशींना ते जास्तच लागलं. "उद्या मी विंगेत थांबत नाही."

"थांब की. फक्त तोंडात टाचण्या धर."

दुसऱ्या दिवशी झगा चार बोटं आखूड झाला आणि मुलगी पूर्ण गाणं गायली. ते इतकं सुंदर होतं, की काल आपण तिचं काय हिरावलं ते मावशींना आत्ता कळलं. टाळ्या थांबल्या, तरी त्यांनी दातांतल्या टाचण्या काढल्या नाहीत.